पेडलवरचा दुसरा पाय

‘मार... मार... धर!’ ब्रेकचे काम चाललेल्या गॅरेजमध्ये हे शब्द हमखास कानावर पडतात. गाडीखाली निजलेला मिस्त्री चाकामागच्या निपलवर पाना लावून असतो आणि स्टिअरिंगपाशी बसलेले दुसरे कुणी त्याच्या आवाजावर पेडल दाबते, दाबून धरते, सोडते. ‘धर’ म्हटल्यावर खाली निपल पाव फेरा ढिले होते, फसफसत बुडबुडे आणि तेल बाहेर येते, पेडल तळाला जाते, निपल आवळले जाते, आणि मगच ‘सोड’ अशी आरोळी येते. आपल्याकडे याला ‘एअर काढणे’ म्हणतात. वर बसलेल्याला बुडबुडे दिसत नाहीत आणि खाली निजलेल्याचा पाय पेडलपर्यंत पोचत नाही, म्हणून माणसे दोन लागतात. प्रेशर ब्लीडर हे साधे अवजार तेच काम एकट्याला, घराच्या अंगणात करू देते. ब्रेक ऑइलच्या डबीवर ते दाबाखाली तेल चढवते, मग पेडल दाबण्याची गरजच उरत नाही. या अवजाराकडे तंत्रज्ञानाची एक सुधारणा म्हणून पाहिले जाते. माझ्या मते त्याचा इतिहास यंत्राइतकाच मजुरीचाही आहे. जिथे दुसरा पाय महाग झाला किंवा मिळेनासा झाला तिथे हे अवजार रुजले. जिथे तो स्वस्तात मिळत राहिला तिथे त्याची कुणाला निकड वाटली नाही.

हा दुसरा पाय मुळात गॅरेजमध्ये आला कसा, हे आधी पाहायला हवे. मोटारगाडीच्या पहिल्या पिढीचे ब्रेक सळ्यांचे आणि तारांचे होते. पेडल दाबले की सळी ओढली जाई आणि चाकातले लायनिंग ड्रमला घासे. ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना होते तोवर हे निभावले. चारही चाकांना ब्रेक लावायचे म्हटल्यावर पंचाईत झाली. पुढची चाके वळणारी, चारी चाके स्प्रिंगवर वरखाली होणारी आणि प्रत्येक सळीची झीज वेगळी. त्यामुळे एक चाक आधी धरायचे, दुसरे मागाहून, आणि गाडी एका बाजूला खेचली जायची. यावर उपाय सतराव्या शतकातच पास्कलने सांगून ठेवला होता. कोंडलेल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ मध्ये याच तत्त्वावरच्या दाबयंत्राचे पेटंट घेतले होते. मोटारीच्या चार चाकांसाठी ते वापरण्याचे श्रेय प्रामुख्याने जाते ते माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाला. विमानांमुळे प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅलन लॉकहीडचा हा भाऊ. माल्कमच्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, ब्रेकचे पेटंट १९१७ चे आहे. १९२१ मध्ये ले मान्स येथे झालेली फ्रेंच ग्रां प्री शर्यत जिमी मर्फीने हायड्रॉलिक ब्रेकच्या ड्यूसेनबर्ग गाडीतून जिंकली, आणि त्याच सुमारास ड्यूसेनबर्गच्या विक्रीच्या गाडीलाही चारही चाकांना असे ब्रेक आले. पण ती गाडी धनिकांची. १९२४ मध्ये क्रायसलरने मध्यम किमतीच्या गाडीत ते बसवले, चामड्याच्या वायसरांच्या जागी रबरी वायसर आणले, आणि तेलाचा ब्रेक सामान्य मोटारमालकाच्या दारात पोचला.

तेलाच्या ब्रेकने चार चाकांचा तंटा मिटवला, पण सोबत एक नवा शत्रू आणला: हवा. द्रव दाबला तरी जवळजवळ आक्रसत नाही, वायू मात्र लगेच आक्रसतो. याचा हिशेब फार सोपा आहे. पेडलशी जोडलेल्या मास्टर सिलिंडरचा व्यास २० मिलिमीटर धरला, तर त्याच्या पिस्टनचे क्षेत्रफळ साधारण ३.१ चौरस सेंटिमीटर भरते. नळीत एक घनसेंटिमीटर, म्हणजे वाटाण्यापेक्षा थोडी मोठी, हवा अडकली असेल तर जोराचा ब्रेक लागताना ती दाबाखाली जवळपास नाहीशी होते. ती जागा भरून काढायला पिस्टनला तीन मिलिमीटरहून जास्त पुढे जावे लागते. पेडलची तरफ पाचपट धरली तर पायाखालचे पेडल दीड सेंटिमीटर जास्त खाली जाते. वाटाण्याएवढी हवा आणि दीड सेंटिमीटर पेडल! चारही चाकांत मिळून असे तीन-चार बुडबुडे असतील तर पेडल फळीलाच टेकते. गंमत अशी की १८६९ मध्ये जॉर्ज वेस्टिंगहाउसने रेल्वेसाठी जो ब्रेक काढला तो चालतो हवेवर, आणि आजचे मोठे ट्रक आणि बसही दाबलेल्या हवेनेच थांबतात. तिथे हवा चाकर आहे. तेलाच्या ब्रेकमध्ये तीच हवा घरभेदी ठरते. सळीच्या ब्रेकला वारंवार पिळे देण्याची कटकट होती, पण ते पिळे एकटा माणूस देऊ शकत होता. तेलाचा ब्रेक उघडला, की ऐकणारा आणि दाबणारा असा दुसरा माणूस लागू लागला.

म्हणूनच तेलाच्या ब्रेकवर विश्वास नसणाऱ्यांना अडाणी ठरवून चालणार नाही. हेन्री फोर्डने आपल्या गाड्यांना १९३८ च्या मॉडेलपर्यंत सळ्यांचेच ब्रेक ठेवले. पेडलपासून चाकापर्यंत पोलादच पोलाद, हा त्याच्या जाहिरातींचा सूर होता. फोक्सवॅगनच्या बीटलचे स्वस्तातले मॉडेल १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत तारेच्या ब्रेकवर धावले. आपल्याकडे ब्रेक ऑइलच्या डब्यावर जे गर्लिंग हे नाव दिसते, तेही मूळचे सळीच्या ब्रेकचे. अल्बर्ट गर्लिंगने १९२० च्या दशकात काढलेला ब्रेक यांत्रिक होता, तेलाचा नव्हता. या मंडळींचा मुख्य आक्षेप असा की एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले. आक्षेप खराच होता. अमेरिकेत प्रवासी गाड्यांना दोन स्वतंत्र तेलमार्ग सक्तीचे व्हायला १ जानेवारी १९६८ उजाडावा लागला. पण त्या आक्षेपाच्या पोटात आणखी एक गोष्ट दडलेली होती, तिची चर्चा फारशी झाली नाही. शेतावर राहणारा, आपली गाडी आपणच दुरुस्त करणारा फोर्डचा गिऱ्हाईक एकटा होता. सळी त्याला डोळ्यांनी दिसत होती आणि एका पान्याने आवळता येत होती. नळीतली हवा त्याला दिसत नव्हती, आणि ती काढायला बायको, मुलगा किंवा शेजारी हाताशी असावा लागणार होता.

दुसऱ्या पायाला पर्याय शोधण्याची सुरुवात मात्र घरात झाली नाही, मोठ्या गॅरेजमध्ये झाली. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतल्या मोठ्या वर्कशॉपांत चाकांवर ढकलायच्या लोखंडी टाक्या दिसतात. आत मधोमध रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला कॉम्प्रेसरची हवा, दुसऱ्या बाजूला ब्रेक ऑइल. पडदा अशासाठी की दाबाची हवा तेलात मिसळू नये आणि तिच्यातला ओलावा तेलाला लागू नये. इथे माझ्या म्हणण्यावर पहिली हरकत येते: ज्या गॅरेजमध्ये दहा माणसे कामाला आहेत तिथे दुसऱ्या पायाची कसली वाण? वाण माणसाची नव्हती, त्याच्या तासाची होती. एका गाडीच्या एका कामावर दोन पगारी माणसे गुंतली की त्या कामाची मजुरी दुप्पट होते, आणि अमेरिकन वर्कशॉपमध्ये कामाचा मोबदला ठरलेल्या वेळेच्या हिशेबाने मिळत असे. टाकी हा असा मदतनीस होता की त्याला पगार नाही आणि जेवणाची सुट्टीही नाही. याचा पुरावा असा की ते यंत्र गाडीला मुळीच सोयीचे नसतानाही वापरले गेले. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या अनेक अमेरिकन गाड्यांत मीटरिंग व्हॉल्व्ह असे. मागची लायनिंग ड्रमला टेकेपर्यंत तो पुढच्या डिस्ककडे जाणारा दाब अडवून ठेवी. टाकीचा दाब नेमका त्या अडवण्याच्या टप्प्यात येई, त्यामुळे पुढच्या चाकांकडे तेल जाईना. पायाने जोरात दाबले असते तर तो व्हॉल्व्ह आपोआप उघडला असता. तरीही पाय परत आणला गेला नाही. व्हॉल्व्हची दांडी बाहेर ओढून धरण्यासाठी खास क्लिप बनवली गेली आणि ती वापरण्याची सूचना कंपन्यांच्या पुस्तकांत छापली गेली. नुसत्या तांत्रिक सोयीचा प्रश्न असता तर एवढा खटाटोप कुणी केला नसता.

ही टाकी घरात शिरायला आणखी एक कारण घडावे लागले. पूर्वी हवा काढणे हे मोडतोडीनंतरचे काम होते: सिलिंडर गळला, किट बदलले, हवा काढली, संपले. आरंभीच्या काळात ब्रेकमध्ये एरंडेल तेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण चाले. पुढे ग्लायकोल जातीची तेले आली. ती उष्णता चांगली सोसतात, पण हवेतला ओलावा हळूहळू शोषून घेतात. दुसरीकडे ब्रेक तापू लागले. १९५३ मध्ये जॅग्वारने ले मान्सची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली. दोन वर्षांनी सिट्रोएनच्या डीएस गाडीत पुढची डिस्क आली आणि मग ती साध्या गाड्यांतही उतरली. डिस्क ब्रेकमध्ये तेल तापलेल्या पॅडच्या अगदी पाठीशी असते. अमेरिकेच्या डॉट मानकानुसार डॉट ३ तेल कोरडे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळावे. त्यात वजनाच्या ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. बोरघाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवणाऱ्याचे जुने तेल उकळले, तर नळीत वाफ होते, आणि वाफ म्हणजे पुन्हा हवेसारखाच आक्रसणारा वायू. मुंबई आणि कोकणाच्या दमट हवेत तर तेल ओलावा पिण्याची संधी सोडत नाही. त्यामुळे दर दोन वर्षांनी तेल बदला, असे सर्रास सांगितले जाऊ लागले. मोडतोडीचे काम देखभालीचे झाले, आणि दुसरा पाय अधूनमधून न लागता ठरावीक मुदतीने लागू लागला.

घरगुती इतिहासाचा सगळ्यात बोलका तुकडा ब्रिटनमध्ये सापडतो. १९६० मध्ये तिथे जुन्या गाड्यांची सक्तीची वार्षिक तपासणी सुरू झाली. आरंभी ती दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना होती आणि तपासायच्या गोष्टी तीनच: ब्रेक, दिवे, स्टिअरिंग. १९६७ पर्यंत ही मर्यादा तीन वर्षांवर आली. म्हणजे बेताच्या मिळकतीच्या माणसाला दरसाल ब्रेक ठाकठीक करून दाखवणे भाग पडले. १९६६ मध्ये जॉन हेन्सने घरच्या घरी गाडी खोलणाऱ्यांसाठी आपल्या मालिकेतले पहिले पुस्तक काढले. पुढे या पुस्तकांत हवा काढण्याच्या तीन पद्धती क्रमाने दिलेल्या असत: पहिली मदतनीस घेऊन, दुसरी एकेरी झडपेच्या नळीने, आणि तिसरी दाबाच्या किटने. या तिसऱ्या पद्धतीत दाबासाठी कॉम्प्रेसर नव्हता. डिकीतली स्टेपनी हीच टाकी! तिच्यातली हवा थोडी सोडून दाब वीस पौंडांच्या आत आणायचा, तिच्यापासून एक नळी तेलाच्या छोट्या बाटलीला आणि बाटलीपासून दुसरी नळी मास्टर सिलिंडरच्या टोपणाला. प्रत्येक मोटारवाल्याकडे असलेली आणि एरवी नुसतीच पडून असलेली गोष्ट मदतनिसाच्या जागी उभी केली गेली. त्या तीन पद्धतींचा क्रम वाचला की माझा मुद्दा आपोआप सिद्ध होतो; तो क्रम दुसऱ्या माणसाला टप्प्याटप्प्याने वजा करत नेणारा आहे.

अमेरिकेत घरगुती टाकीने वेगळे रूप घेतले. फुलझाडांवर औषध मारायचा हातपंप असतो, तसाच प्लास्टिकचा डबा. वर हँडल, बाजूला दाबमापक, आणि तेलाच्या डबीवर आटे देऊन बसणारे टोपण. आपल्या शेतकऱ्याच्या पाठीवरच्या फवारणी पंपाचा हा धाकटा भाऊ म्हणायला हरकत नाही, आणि कित्येक हौशी लोक खरोखरच फवारणी पंपाला नळी जोडून तो घरी बनवतात. रीत अशी: आधी डब्यात तेल न घालता नुसती हवा भरून टोपण कुठे गळते का ते पाहायचे, मग तेल घालून दाब एक बारच्या आसपास आणायचा, त्याहून फार वर न्यायचा नाही, नाहीतर गाडीची प्लास्टिकची डबी तडकते आणि सांडलेले तेल रंग खाते. मग एकेका चाकाच्या निपलला पारदर्शक नळी लावून निपल पाव फेरा उघडायचे. आधी काळपट तेल, मग बुडबुड्यांची माळ, मग मधाच्या रंगाचे स्वच्छ तेल. ते सलग आले की निपल आवळायचे. चाकांचा क्रम मास्टर सिलिंडरपासूनच्या अंतरावर ठरतो. अमेरिकन पुस्तके उजव्या मागच्या चाकापासून सुरुवात करायला सांगतात, कारण तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो. आपल्याकडे तो उजवीकडे बसत असल्याने सहसा सगळ्यात लांब असते ते डावे मागचे चाक. तेलमार्ग तिरपे विभागलेल्या गाड्यांत हा क्रम बदलतो, म्हणून गाडीचे पुस्तकच प्रमाण मानावे.

आता उलटी बाजू. तेलाच्या ब्रेकशी मुंबईची ओळख काही उशिरा झाली नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४४ मध्ये स्थापना झाल्यानंतर कुर्ल्याच्या कारखान्यात १९४० च्या दशकाच्या अखेरीस ज्या गाड्या जोडायला घेतल्या, त्या क्रायसलरच्याच, म्हणजे हायड्रॉलिक ब्रेक सर्वसामान्यांपर्यंत नेणाऱ्या कंपनीच्या. पुढे तिथेच फियाट ११०० आणि तिचीच पद्मिनी बनली. चारही चाकांना ड्रम असलेल्या या पद्मिनीने काळीपिवळी टॅक्सी म्हणून मुंबईत पिढ्यानपिढ्या सेवा दिली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सीच्या परवान्यावरून निवृत्त झाली. १९६२ मध्ये टीव्हीएस आणि गर्लिंगची मालक असलेली ब्रिटिश लुकास यांच्या भागीदारीतून ब्रेक्स इंडिया ही कंपनी मद्रासला उभी राहिली. म्हणजे गाड्या होत्या, सुटे भाग देशातच बनत होते, तेल मिळत होते, दाबाची टाकी बनवणे तर कुठल्याही लोहाराला जमले असते. तरी रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये ती रुजली नाही. कारण तिथे पेडलपाशी बसायला पोऱ्या होता. पाना देणारा, चहा आणणारा, ‘मार’ म्हटले की मारणारा हा मुलगा इतका स्वस्त होता की त्याच्यासमोर टाकीचा खर्च कुठल्याही हिशेबात बसत नव्हता. १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या धोकादायक व्यवसायांच्या यादीत पुढे मोटार गॅरेजांचा समावेश झाला, आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना थोडे अपवाद सोडून सर्वच कामांवर बंदी आली. पेडलवरचा स्वस्त पाय कायद्याच्या नजरेत आला तो असा.

यावर कुणी म्हणेल की पोऱ्याचे ते बसणे हीच त्याची शाळा होती. मऊ पेडल आणि कडक पेडल यांतला फरक तो पायाने शिकला आणि उद्याचा मिस्त्री झाला. यात तथ्य आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण शिकणे खाली होते, बुडबुडे दिसतात तिथे, आणि त्याला बहुतेक वेळ वर बसवले जाई. शिकवणे हाच हेतू असता तर जागांची अदलाबदल नेमाने झाली असती. दुसरी हरकत तंत्राची आहे: दाबाची पद्धत मुळातच सरस आहे, म्हणून ती पसरली, त्यात मजुरीचा काय संबंध? सरस ती आहेच. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत मारले की मास्टर सिलिंडरचे वायसर एरवी कधी न जाणाऱ्या गंजक्या भागात घासले जाते आणि फाटू शकते. आरोळी देण्यात चूक झाली, निपल आवळण्याआधी पेडल सुटले, तर हवा उलट आत ओढली जाते. दाबाच्या टाकीत हे दोन्ही धोके नाहीत. पण सरसपणा हेच कारण असते तर ती सगळीकडे सारख्याच वेगाने पसरायला हवी होती. गंज मुंबईच्या दमट हवेत काही कमी नव्हता. तरी आधी टाकी आली ती जिथे तास महाग होता तिथे.

तिसरी हरकत सर्वांत गंभीर आहे: ब्रेकसारख्या जिवावर बेतणाऱ्या भागात घरगुती हात घालावाच कशाला? उत्तर असे की या इतिहासात जास्त धोका चुकीच्या हातापेक्षा न लागलेल्या हाताचा दिसतो. दोन वर्षांनी बदलायचे तेल दहा वर्षे तसेच राहते, कारण त्यासाठी दोन माणसे, वेळ आणि गॅरेजची फेरी हवी. तरीही घरगुती टाकीची मर्यादा मान्य करायला हवी. १९७८ मध्ये ब्रेक लावताना चाके अडकू न देणारे बॉशचे एबीएस मर्सिडीजमध्ये आले आणि आता ते भारतातल्या नव्या गाड्यांतही सक्तीचे झाले आहे. त्याच्या झडपांच्या ठोकळ्यात हवा शिरली तर कित्येकदा नुसता दाब पुरत नाही. आतल्या झडपा संगणकाच्या हुकमाने उघडाव्या लागतात. तिथे दुसऱ्या पायाची जागा तिसऱ्याच मदतनिसाने घेतली आहे, आणि तो घरात सहजासहजी मिळत नाही. तेल अजिबात नसलेले, विजेवर चालणारे ब्रेक आले तर हे काम समूळ जाईल. म्हणजे मदतनीस बदलत गेला: माणूस, मग हवेची टाकी, मग संगणक. गरज मात्र १९२४ पासून तीच राहिली.

आणि तरी टाकी पेडलची जागा पुरतेपणी घेत नाही. चारही निपले आवळली, दाब सोडला, टोपण काढले, डबीतले तेल खुणेपर्यंत आणले, की गाडीखालून बाहेर यावे लागते, हात पुसून आत बसावे लागते आणि पेडल दाबून पाहावे लागते. ते कडक लागते की मऊ, एका दाबात थांबते की दुसऱ्याची वाट पाहते, हे टाकीच्या दाबमापकावर दिसत नाही. ते पायालाच कळते. या अवजाराने दुसऱ्या माणसाला कामातून मोकळे केले. पण त्याची जागा रिकामी राहिली नाही. शेवटच्या निवाड्यापुरते तिथे बसायचे काम आता खाली निजलेल्याकडेच आले आहे.